वस्तऱ्याच्या पात्याची कुळकथा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा साहजिकच काही रूढ विषय आमच्या मनात येऊन गेले. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर, १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी आणलेल्या फौजा, या मुलुखात मागे राहिलेली मराठी घराणी, असे ते विषय होत. परंतु त्यांवर अधिकारी लेखकांनी विपुल लिहिले आहे आणि त्यात आमच्यासारख्या हौशी माणसाने नवीन ती काय भर घालावी? म्हणून आम्ही जो विषय निवडला आहे तो वाचकांस कदाचित क्षुल्लक, किंबहुना हास्यास्पदही वाटेल. तो विषय म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. आणि त्यातही वस्तऱ्याचे पाते किती रुंद असावे, हा प्रश्न. या प्रश्नाचा मागोवा घेता घेता आम्ही म्हैसूरच्या लोखंडाच्या भट्ट्यांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत, आणि शेवटी आमच्याच घराच्या मागील दारापर्यंत जाऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांसमोर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या शोधास निमित्त झाले ते बेट्टदपुराचे. म्हैसूरहून हुणसूरमार्गे पिरियापट्टण तालुक्यात शिरले, की तंबाखूच्या शेतांमधून एक एकांडा डोंगर दुरूनच दिसू लागतो. कन्नडमध्ये बेट्ट म्हणजे डोंगर; त्या डोंगराचे गाव ते बेट्टदपुर. शिखरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देवालय आहे. सिडिलु म्हणजे कोसळणारी वीज. या देवावर वीज येऊन पडते आणि तरी त्याला इजा होत नाही, अशी तेथील श्रद्धा आहे. गावात संकेती ब्राह्मणांची जुनी वस्ती आहे. कित्येक शतकांपूर्वी दक्षिणेकडून निघून कर्नाटकात स्थिरावलेल्या या लोकांनी तमिळ-मल्याळमशी नाते सांगणारी आपली बोली घरात अद्याप जतन केली आहे. बाहेर कन्नड आणि उंबऱ्याच्या आत आपली भाषा, हा त्यांचा शिरस्ता पाहून आम्हां मराठी मंडळींस आपलीच आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

काही मित्रांसह पायऱ्या चढून, दर्शन घेऊन आम्ही खाली उतरलो, तो गावातील एका लहानशा केशकर्तनालयाच्या फळीवर टेकलो. दुकान मुलाच्या हाती होते आणि वृद्ध बाप बाहेर ऊन खात बसला होता. आमच्या मोडक्यातोडक्या कन्नडमधील प्रश्नांनी त्याची करमणूक झाली असावी. त्याने आत जाऊन कापडात गुंडाळलेले तीन वस्तरे आणले आणि आमच्यापुढे ओळीने मांडले. पहिल्याचे पाते चांगले बोटाएवढे रुंद, दुसऱ्याचे मध्यम, आणि तिसऱ्याचे इतके अरुंद की चाकूच वाटावा. यांपैकी सर्वांत चांगला कोणता, असे आम्ही विचारले. म्हाताऱ्याने उलट प्रश्न केला, "यार कै?" म्हणजे, हात कोणाचा? मग हसून त्याने सांगितले, की तिसरा वस्तरा त्याच्या वडिलांचा होता आणि विकत घेतला तेव्हा तोही पहिल्याएवढाच रुंद होता. उरलेले सगळे पाते दगडाने खाल्ले.

त्या उत्तराने आमचे कुतूहल जागे झाले.

वस्तरा ही वस्तू आपल्या संस्कृतीत फार जुनी. वेदांत तिला क्षुर म्हटले आहे. कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या अवघड वाटेला वस्तऱ्याच्या धारेचीच उपमा दिली. आपल्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याची धोकटी म्हणजे एक फिरते दुकानच असे. तीत वस्तरा, कात्री, नखे काढण्याची नराणी, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी, धार लावण्याचा दगड आणि चामड्याचा पट्टा एवढा सरंजाम मावे. जावळापासून क्षौरापर्यंत, म्हणजे जन्मापासून मृत्यूपर्यंत, त्याच्यावाचून कोणाचे चालत नसे; आणि मोबदला म्हणून सुगीच्या वेळी त्याला धान्याचा वाटा मिळे. संत सेना न्हाव्यांनी याच धोकटीतील आरसा आणि चिमटा उचलून त्यांना विवेकाचे व वैराग्याचे रूप दिले, हे वारकरी वाचकांस सांगावयास नकोच. डोक्याचा घेरा, कपाळावरील संजाब, गालावरील कल्ले, ओठावरील मिशा, यांच्या ठेवणीवरून माणसाची जात, पेशा आणि इभ्रत ओळखली जात असे, त्या काळी वस्तऱ्याची एक चुकीची ओढ म्हणजे केवढा अनर्थ, याची कल्पना करावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शेफिल्ड आणि झोलिंगन या युरोपातील दोन गावांनी गेली दोन शतके जगाला वस्तरे पुरविले. त्यांच्या पात्याची रुंदी, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंतचे अंतर, इंचाच्या आठव्या हिश्शात मोजण्याची प्रथा आहे. आपले सुतार-लोहार ज्याला सूत म्हणतात तेच हे माप. त्यामुळे आपणही चार सुती, पाच सुती, सहा सुती असे म्हणावयास हरकत नाही. चार सूत म्हणजे सुमारे तेरा मिलिमीटर, पाच सूत म्हणजे सोळा, सहा सूत म्हणजे एकोणीस, आणि आठ सूत म्हणजे पुरा इंच.

रुंदीची निवड ही दिसण्याची बाब नव्हे. वस्तऱ्यास धार लावताना पाते दगडावर आडवे ठेवतात, तेव्हा त्याची धार आणि पाठ अशी दोन्ही अंगे दगडास टेकतात. म्हणून धारेचा कोन कारागिराच्या हाताने ठरत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणाने तो आधीच ठरून गेलेला असतो. पाठ रुंदीच्या चौथ्या हिश्शाहून किंचित जाड असली, की कोन साधारण सोळा-सतरा अंशांचा येतो आणि तो दाढीस मानवतो. आता पाठीची जाडी तीच ठेवून पाते नुसते रुंद केले, तर कोन फार बारीक होतो. अशी धार सुरेख चालते, पण लवकर चिरफळते. म्हणून रुंद पात्यास जाड पाठ द्यावी लागते आणि जाड पाठ आली की वजन आले. सारांश, रुंदी निवडणे म्हणजे वस्तऱ्याचे वजन निवडणे होय.

आणि वजन कोणास हवे, कोणास नको, हे हातावर आणि कामावर अवलंबून असते. चार सुती पाते हलके आणि चपळ. नाकाखालची जागा, हनुवटीची खळी, जुन्या व्रणाची कडा येथे ते सहज वळते. पण साबणाचा फेस त्यावर लगेच भरतो, ते वरचेवर पुसावे लागते आणि नवशिक्याच्या बोटांत ते थरथरते. सहा सुती पाते स्वतःच्या भारानेच राठ केस कापीत जाते. हाताने केवळ दिशा द्यावयाची. मात्र ते चालविण्यास सराव हवा. सात-आठ सुतांचे पाते तर इतके मोठे, की नाकाशी गेले असता जी जागा कापावयाची तीच पात्याआड दडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शेफिल्डच्या कारखान्यांनी असे अवजड, पाचरीसारख्या भरीव पात्याचे वस्तरे पुष्कळ घडविले. पुढे पात्याची दोन्ही अंगे चाकावर आतून कोरून ते पोकळ व लवचीक करण्याची कला, विशेषतः झोलिंगनच्या कारागिरांनी, पूर्णत्वास नेली. तेव्हा वजन कमी झाले आणि पाच सूत ही सर्वमान्य मध्यम रुंदी ठरली. स्वतःची दाढी स्वतः करू पाहणाऱ्यास आजही जाणकार पाच सुतीच सुचवितात. व्यवसाय करणाऱ्याच्या पेटीत मात्र एकाने भागत नसे. दाढीस मध्यम, कडा रेखावयास अरुंद, आणि डोक्यास रुंद, असा बेट्टदपुरच्या म्हाताऱ्याचा हिशेब होता.

वडिलांच्या वस्तऱ्याचे कोडेही येथेच उलगडते. दगडावर धारेबरोबर पाठही झिजते. दोन्ही सोबतच म्हाताऱ्या होत असल्यामुळे पाते अरुंद झाले तरी कोन फारसा बिघडत नाही आणि वस्तरा कामास येतच राहतो. दगडाचा प्रसंग क्वचित यावा, रोजचे काम चामड्यावर भागावे, हा जुन्या कारागिरांचा दंडक होता. दगडावर धार पुढे करून पाते ओढावयाचे आणि चामड्यावर पाठ पुढे करून, ही खूण चुकली की चामडे कापले जाते आणि धारही बसते. उत्तम रुंद पाते विकत घेणे म्हणजे पुढील पिढीची बेगमी करणे होते. आज आपण म्हातारपणासाठी भविष्यनिर्वाह निधीत भर घालतो, तशी त्या कारागिराची शिल्लक पात्याच्या रुंदीत असे आणि तो ती जपून खर्चीत असे.

परंतु पाते कितीही रुंद असले तरी पोलाद कसदार नसेल तर सर्व व्यर्थ. आणि पोलादाची गोष्ट निघाली की म्हैसूरचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या जुन्या मराठीत पोलादास 'तिखे' असा सुंदर शब्द होता; कन्नडमध्ये त्यास उक्कु म्हणतात. दक्षिण भारतातील हे उक्कु पोलाद युरोपात पोहोचले आणि त्याच्या नावाचा तिकडे 'वूट्झ' असा अपभ्रंश झाला. टिपूच्या पाडावानंतर, १८०० ते १८०१ या काळात, फ्रान्सिस बुकानन हा वैद्य कंपनी सरकारच्या आज्ञेने म्हैसूर मुलुखात गावोगाव फिरला आणि त्याचा वृत्तांत १८०७ साली लंडनमध्ये तीन खंडांत छापला गेला. त्यात या पोलादाची कृती आली आहे. मातीच्या लहान मुशीत लोखंडाचा तुकडा, त्याच्याबरोबर तंगडीच्या वाळक्या काटक्या आणि वर हिरवी पाने घालून मूस बंद करीत आणि कोळशाच्या भट्टीत भात्याने फुंकीत. काटक्यांचा कोळसा होऊन त्याचा अंश लोखंडात उतरे आणि मूस फोडल्यावर पोलादाची लहानशी ढेप हाती येई. ही तंगडी म्हणजे आपल्या देशावर माळरानात पिवळ्या फुलांनी डवरणारा तरवड होय. तरवडाची साल आपले चर्मकार कातडे कमावण्यासाठी वापरीत आले आहेत. म्हणजे ज्या झुडपाने पोलादास कठीणपणा दिला, त्यानेच कातडेही कमावले जाई, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

या पोलादाची वार्ता विलायतेस गेली ती मुंबईहून. हेलेनस स्कॉट नावाच्या मुंबईतील इंग्रज डॉक्टरने १७९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे त्याच्या ढेपा पाठविल्या. कानशी, करवती आणि दगड फोडण्याच्या छिन्न्या यांसाठी येथे हेच पोलाद वापरतात, अशी माहितीही त्याने दिली. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन याने त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. तपासणीसाठी जेम्स स्टोडर्ट या लंडनच्या नामांकित हत्यार-कारागिराने त्या ढेपेतून एक लहान चाकू घडविला होता. विलायती लोहारांना हे पोलाद प्रथम जुमानीना. ते नेहमीच्या उष्णतेला तापविले की हातोड्याखाली त्याचा भुगा होई. कमी आचेवर, धीराने घडवावे लागे. स्टोडर्टला त्याची गोडी इतकी लागली, की शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे आपण हिंदुस्थानच्या वूट्झचे बनवितो व युरोपातील सर्वोत्तम पोलादापेक्षा ते आपणांस सरस वाटते, अशी जाहिरातच त्याने आपल्या दुकानाच्या पत्रिकेवर छापली.

पुढे मायकेल फॅरडे, ज्याचे नाव शाळेतील प्रत्येक मुलास विजेच्या धड्यातून ठाऊक असते, तो या स्टोडर्टबरोबर पोलादाच्या प्रयोगांत गुंतला. फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा. १८१९ साली त्याने वूट्झच्या पृथक्करणावर निबंध लिहिला. १८२० व १८२२ मध्ये दोघांनी मिळून चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम यांसारखे धातू पोलादात मिसळून पाहिले. हिंदी पोलादाचे मर्म त्यांना अचूक सापडले नाही. ते मुख्यतः शेकडा दीड भागाच्या आसपास असलेल्या कर्बात आहे, हे पुढे सिद्ध झाले. परंतु त्या प्रयोगांतून मिश्र पोलादाच्या शास्त्राचा पाया घातला गेला. आणि फॅरडे पुढे कित्येक वर्षे आपल्या मित्रांना भेट म्हणून त्या मिश्र पोलादाचे वस्तरे देत असे.

इकडे काय झाले? शेफिल्डला बेंजामिन हंट्समनने १७४० च्या सुमारासच मुशीत पोलाद वितळविण्याची आपली स्वतंत्र रीत बसविली होती. तिला स्वीडनचे शुद्ध लोखंड आणि दगडी कोळसा यांची जोड मिळाली. १८५६ मध्ये बेसेमरने स्वस्त पोलादाची कृती शोधली. खेडोपाडीच्या भट्ट्यांतून एका वेळी मूठभर निघणारे उक्कु या पुरापुढे टिकणे शक्य नव्हते. एकोणिसावे शतक संपता संपता त्या भट्ट्या थंडावल्या आणि ज्या मुलुखाच्या पोलादाचा वस्तरा लंडनच्या कारागिराने मिरविला, त्याच मुलुखातील न्हाव्याच्या धोकटीत विलायतेचा शिक्का मारलेला वस्तरा येऊन बसला. बेट्टदपुरचे ते तिन्ही वस्तरेही विलायतीच होते. पात्याच्या मुळाशी कोरलेली इंग्रजी अक्षरे पुसट झाली होती. म्हाताऱ्यास ती वाचता येत नव्हती, पण बोट फिरवून ओळखता येत होती.

आतापर्यंत आम्ही पात्याविषयी लिहिले. परंतु रुंद पाते डोक्यासाठी, असे त्या वृद्धाने सांगितले, तेव्हा आमच्या मनात जे आले ते लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. डोक्यासाठी म्हणजे जावळासाठी, मुंजीसाठी, नवसासाठी, क्षौरासाठी. आणि आणखी एका गोष्टीसाठी.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, आमच्या घरी वडिलांची एक वृद्ध आत्या राहत असे. लाल आलवण, पदराखाली झाकलेले मस्तक, एक वेळचे जेवण आणि दिवसभर न थांबणारे काम. महिन्यातून एकदा मागील दाराने न्हावी येई. आम्हां मुलांना त्या वेळी अंगणात पिटाळले जाई. एकदा आम्ही दाराच्या फटीतून पाहिले. आत्याआजी भिंतीकडे तोंड करून बसली होती. न्हावी तिच्याहूनही खाली मान घालून काम करीत होता. त्याच्या हातातील पाते रुंद होते, एवढे आम्हांस स्पष्ट आठवते. ती लग्नानंतर दोन वर्षांत, बाराव्या वर्षी विधवा झालेली. पुढे घरातील थोरांनी, आता काळ बदलला, केस राखावेत, असे तिला अनेकदा विनविले. तिचे उत्तर एकच असे, "आता कशाला?"

या विधवा-केशवपनाचा इतिहास वाचकांस स्थूलमानाने माहीत असेल. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत ब्राह्मण व त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांत ही रूढी होती. जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून या दुर्दैवी स्त्रियांना आसरा दिला. आगरकरांनी १८८८ पासून 'सुधारका'त लेखणी चालविली. कर्नाटकातील सह्याद्रीच्या अरण्यात जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन उघडले. त्यातील एका विधवा विद्यार्थिनीशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीतील यमूच्या केशवपनाने तर मराठी घरोघर डोळ्यांत पाणी आणले. ही सर्व नावे आपण जयंत्या-पुण्यतिथ्यांना आदराने घेतो आणि ते योग्यच आहे.

परंतु या यादीत जे क्वचित येतात ते ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता ते लोक. १८९० साली मुंबईत नाभिक बांधवांची सभा भरली. तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ मध्ये बांधणारे, 'दीनबंधू' पत्र चालविणारे, सत्यशोधक समाजाचे ते खंदे कार्यकर्ते. विधवांचे मस्तक यापुढे आम्ही मुंडणार नाही, असा निर्धार त्या सभेने केला. या निश्चयाची वार्ता पार लंडनच्या वृत्तपत्रापर्यंत गेली.

या घटनेचे मोल नीट समजून घ्यावयास हवे. पंडितांचा वाद शास्त्राचा होता. सुधारकांचा वाद न्यायाचा होता. या लोकांच्या बाबतीत मात्र तो पोटाचाही होता. केशवपनाचे पैसे मिळत. ज्या घरी ते करावयाचे तीच घरे बलुत्याची, दाढीची, लग्नकार्याच्या मानाची. त्या घराची मर्जी गेली तर नुकसान कोणाचे व्हावयाचे हे उघड होते. ज्यांना शास्त्र वाचण्याचा अधिकारच कोणी दिला नव्हता, त्यांनी शास्त्राचा आधार न मागता आपले हत्यार धोकटीत ठेवले. एखाद्या निबंधाला प्रत्युत्तर लिहिता येते. मिटलेल्या वस्तऱ्याला प्रत्युत्तर काय द्यावयाचे?

त्या निर्धाराने रूढी एकदम थांबली असे म्हणता येत नाही. आमची आत्याआजी त्या सभेनंतर कित्येक वर्षांनी जन्मली आणि तरीही तिच्या वाट्यास ते आले. इतिहासातील चांगल्या गोष्टी घडतात एका दिवशी आणि घरोघर पोहोचतात फार सावकाश. तिच्या मस्तकावर वस्तरा चालविणाऱ्या त्या माणसाच्या पूर्वजांपैकी कोणी मुंबईच्या सभेत असेल काय, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. तो मान खाली घालून का काम करीत होता, हे त्या वेळी आम्हांस कळले नव्हते. आता थोडेसे कळते असे वाटते.

पुढील हकिकत थोडक्यात सांगतो. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट या गृहस्थाने पाते झिजले की फेकून द्यावे, ही कल्पना काढली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे अवघे ५१ वस्तरे व १६८ पाती खपली. १९०४ मध्ये त्यास एकाधिकार मिळाला आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांना लाखांनी ती हत्यारे वाटली. घरोघर पुरुष आपली दाढी आपण करू लागले. आपल्या वडिलांच्या फडताळातील सेव्हन ओ क्लॉक, टोपाझ, पनामा यांच्या कागदी पुड्या कोणास आठवत नाहीत? न्हाव्याच्या दुकानात मात्र जुना वस्तरा टिकून होता. १९८६ साली भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली आणि पुढील काळात एकाच पात्याने अनेकांची दाढी करण्याचा धोका लोकांस समजू लागला. आता दुकानात कारखान्यातील पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग पकडीत बसवितात आणि गिऱ्हाईक उठले की टाकून देतात. ते पाते सुमारे अकरा मिलिमीटर रुंद. म्हणजे साडेतीन सूत. ते दगड ओळखत नाही आणि चामडेही ओळखत नाही. हे आरोग्यास हितकर आहे यात संशय नाही आणि जुन्याच्या मोहाने त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्याबरोबर रुंदीची निवड संपली, आणि बापाचे पाते मुलाने चालविण्याची परंपराही संपली. बेट्टदपुरच्या दुकानात मुलगा तशाच अर्ध्या पात्याने काम करीत होता आणि बाप तीन वस्तरे कापडात परत गुंडाळीत होता.

निघताना आम्ही त्यास विचारले, की यांतील एखादा विकणार का? त्याने मान हलविली. वापरणार नाही, विकणारही नाही. पावसाळ्यापूर्वी तेल लावतो आणि ठेवून देतो, एवढेच तो म्हणाला. आम्हीही अधिक आग्रह केला नाही.

मंडळाच्या या मंगल प्रसंगी अशी कथा सांगण्याचे औचित्य काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे : आपण घरापासून दूर येताना भाषा, सणवार, देवघर, पाककृती असे पुष्कळ बरोबर आणले आणि पन्नास वर्षे ते जतन केले. त्या ठेव्यात अभिमानाच्या वस्तू आहेत, तशा मागील दाराच्या आठवणीही आहेत. पुढील पिढीच्या हाती ठेवा सोपविताना दोन्ही सांगाव्यात. शिवछत्रपतींच्या तलवारीचे पोवाडे आपण मुलांना शिकवितोच; १८९० साली मुंबईत न वापरलेल्या वस्तऱ्याची गोष्टही त्यांना एकदा सांगावी. हत्यार चांगले कोणते, या प्रश्नाला बेट्टदपुरच्या वृद्धाने जे उत्तर दिले ते त्यांना तेव्हा आपोआप समजेल. हात कोणाचा, आणि तो कोठे थांबतो, यावर ते अवलंबून आहे.

मंडळास शतकमहोत्सवाचे भाग्य लाभो आणि त्या वेळच्या स्मरणिकेत याहून चांगले लिहिणारे हात असोत, ही सिडिलु मल्लिकार्जुनाच्या चरणी प्रार्थना.